संगीतविचार : परमुलुखांतला वादक

पेटी वाजविणाऱ्याचा उजवा हात गातो आणि डावा बिचारा भाता हलवितो. पियानोला भाता नसल्यामुळें तेथें डावा हात मोकळा असतो. त्या हाताकडून तबलजीचें काम करून घेण्याची एक रीत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील कृष्णवर्णीय वादकांनीं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वाढविली. पहिल्या व तिसऱ्या मात्रेस डावा हात खर्ज धरतो; दुसऱ्या व चौथ्या मात्रेस उडी घेऊन मधल्या सप्तकांतील स्वरसमूहावर पडतो. उजवा हात तोंवर सुरावटीशीं खेळत असतो. डाव्या हाताच्या या लांब ढांगांमुळें त्या वादनास ‘स्ट्राइड’ असें नांव मिळालें.

टेडी वेदरफर्ड हा याच परंपरेंतील वादक. त्याचा जन्म १९०३ सालीं व्हर्जिनियांत झाला. न्यू ऑर्लीन्स येथें तो वादन शिकला व पुढें शिकागोस अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदांत लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवूं लागला. कीर्ति दाराशीं आली असतांना १९२६ सालीं त्यानें पूर्वेची वाट धरली. शांघायमध्यें त्यानें नांव कमावलें. १९३७ सालीं पॅरिसला तबकड्या दिल्या. पुढें मुंबईचें ताजमहाल हॉटेल व युद्धकाळांत कलकत्त्याचें ग्रँड हॉटेल येथें तो वाजवीत असे. तेथेंच २५ एप्रिल १९४५ रोजीं पटकीनें त्याचा अंत झाला. वय अवघें एकेचाळीस!

मायदेशीं राहिलेले त्याचे सोबती जगद्विख्यात झाले. याचें नांव मात्र जाणकारांपुरतें उरलें. मग त्याचें जाणें फुकट गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच्यासारख्या परदेशस्थांच्या सहवासांत आपल्याकडील गोमंतकीय वादकांस ही विद्या प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे वादक पुढें बोलपटांच्या वाद्यवृंदांत आले. चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतास चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचें साहाय्य होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

हॉटेलांतील नाचगाणें म्हणून त्या काळीं आमच्यांतील किती घरांनीं या मंडळींकडे पाठ फिरविली असेल! तींच घरें पुढें रेडिओवर तीं गाणीं आवडीनें ऐकत बसलीं. विद्या देणाऱ्याचें नांव न विचारतां ती घेणें सोपें असतें. तें ऋण निदान नांव घेऊन तरी मान्य करावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.