विचारावयाचा राहिलेला प्रश्न



गेल्या जानेवारीत व्यवसायानिमित्त इटलीतील व्हिचेन्झा या नगरीत जाण्याचा योग आला. सराफीच्या धंद्यातील वाचकांना हे नाव नवे नाही. दागिन्यांचे नवे घाट आणि साखळ्या विणणारी यंत्रे पाहण्यासाठी तेथील प्रदर्शनाला आपल्याकडील पेढ्यांची माणसे जात असतात. या खेपेस माझा नातू सोबत होता. यंत्रांची माहिती त्याने घ्यावी आणि भोजनाची व्यवस्था मी पाहावी, अशी आमची वाटणी ठरली होती. मागील तीन वाऱ्यांच्या अनुभवामुळे इटलीतील अन्न आपल्याला पुरते कळले आहे, असा माझा समज होता.

त्या प्रदेशात जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि उपाहारगृहे रात्रीच्या भोजनासाठी बहुधा सात-साडेसातला उघडतात. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरे बंद होऊ लागतात. ज्याला रात्रिभोजनाचा त्याग आहे, त्याच्यासाठी दुपारचे भोजन हेच दिवसाचे भोजन. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही साडेबारालाच एका बुफे भोजनगृहात जाऊन बसलो.

इटालियन बुफेची मांडणी त्यांच्या भोजनक्रमाप्रमाणे असते. आरंभी अँटिपास्ती म्हणजे तोंडी लावण्याचे प्रकार, मग प्रीमी म्हणजे पास्ता, भात अथवा सूप, त्यानंतर सेकोंदी म्हणजे मांस-मत्स्याचे पदार्थ, त्यांच्या जोडीला कोंतोर्नी म्हणजे भाज्या आणि शेवटी दोल्ची म्हणजे मिष्टान्न. सेकोंदीकडे आपण पाहावयाचेच नसते. माझ्या समजुतीप्रमाणे उरलेल्यात काळजीचे कारण फारसे नव्हते. नातवाने टोमॅटोच्या रसातील पास्ता ताटभर घेतला आणि त्यावर किसलेले चीज पेरले. "निश्चिंत मनाने खा," मी म्हणालो, "गहू, टोमॅटो आणि दूध. सारे आपलेच अन्न."

त्याने दोन घास घेतले आणि रसात कांदा-लसूण आहे का, हे विचारण्यासाठी तो वाढप्याच्या टेबलामागे उभ्या असलेल्या स्वयंपाकीण बाईंकडे गेला. हा प्रश्न खरे तर आधी विचारावयाचा. बाई इंग्रजी चांगले बोलत होत्या. त्यांनी सांगितले की, तेथील बहुतेक रसांचा पायाच बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी तेलात परतून घातला जातो. तो रस त्याला अपवाद नव्हता. मग त्यांनीच विचारले, "तुम्हाला चीज चालते का? यात वासराचे रेनेट असते."

पार्मिजानो रेज्जानो हे चीज मोठ्या तांब्याच्या कढयांत केले जाते. सुमारे ४० किलोच्या एका चाकासाठी साधारण ५५० लिटर दूध लागते आणि ते किमान १२ महिने मुरवले जाते. हे सारे मला ठाऊक होते. चार ठिकाणी मी ते कौतुकाने सांगितलेही होते. ते दूध फाडण्यासाठी दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरावे, असा त्या चीजचा नियमच आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. आपल्या देशात तयार होणारे चीज अप्राणिज रेनेटचे असते. म्हणून चीज म्हणजे केवळ दूध, हे मी गृहीत धरले होते.

मला त्या क्षणी ताटाचे नव्हे, घराचे स्मरण झाले. दोन वर्षांपूर्वी परतताना विमानतळावरून मी हेच चीज भेट म्हणून घरी नेले होते. चाळीस वर्षे नियम पाळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी ते मुलांना पास्त्यावर किसून वाढले आणि माझ्या आग्रहावरून स्वतःही खाल्ले. त्या पुडक्यावर तीनच शब्द होते. पहिल्याचा अर्थ दूध, दुसऱ्याचा मीठ. तिसरा शब्द 'काल्यो'. हे काहीतरी विरजण असेल, असे मानून मी तो सोडून दिला होता. काल्यो म्हणजेच रेनेट.

नातवाचे ताट तसेच परत गेले. बाईंनी काही न बोलता ते उचलले. ताट धुऊन पिण्याची रीत असलेल्या घरात मी वाढलो. भरले ताट उष्टे टाकले जाण्याला मी निमित्त होईन, असे मला कधी वाटले नव्हते.

त्या रात्री नातू म्हणाला, "आजोबा, आजीला सांगू नका. तिच्याकडून ते नकळत घडले. आता सांगून तिला दुःख कशाला द्यायचे?" मी त्याला विचारले, "आपल्या पेढीवरून नकळत कमी टंचाचा दागिना गेला आणि महिन्याने आपल्याला ते समजले, तर ग्राहकाला सांगायचे की नाही?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सांगायचे."

घरी आल्यावर मी सांगितले. सौ. काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "अहो, पुडक्यावर लिहिले होते का?" लिहिले होते. "तुम्ही वाचले होते का?" वाचले होते, अर्थ कोणाला विचारला नव्हता. "बरे," त्या म्हणाल्या, "यापुढे माझे मी वाचत जाईन." दुसऱ्या दिवशी त्यांनी एकासन केले. मीही केले. त्यावर घरात अधिक चर्चा झाली नाही.

सायंकाळी मात्र त्यांनी नातवाला कागद-पेन्सिल घेऊन बसवले आणि एक टिपण करवून घेतले. परदेशी जाणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून त्याचा सारांश देतो.

रिकामे ताट हाती असतानाच विचारावे. 'सेन्झा चिपोल्ला' म्हणजे कांद्याविना, 'सेन्झा आल्यो' म्हणजे लसणाविना, 'सेन्झा वोवा' म्हणजे अंड्याविना. सुका पास्ता बहुधा कडक गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच असतो. ताज्या पास्त्यात अंडे असण्याचा संभव अधिक. न्योक्की बटाट्याची असते. रिसोत्तो व सूप यांत मांसाचे पाणी आहे का, पावात 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी आहे का, हे विचारावे. तिरामिसूत अंडे असते. पान्ना कोत्तात जिलेटिन असते. त्याला तिकडे 'कोल्ला दी पेशे' म्हणतात. चीजच्या पुडक्यावर 'काल्यो वेजेताले' असे असेल तरच ते वनस्पतिजन्य रेनेटचे समजावे.

युरोपीय संघाच्या नियमानुसार उपाहारगृहांना १४ घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत अंडे, मासे व सेलरी आहेत. कांदा, लसूण, चरबी आणि रेनेट नाहीत. ही यादी रोग्यांच्या अपायासाठी आहे, आपल्या नियमांसाठी नाही. तेव्हा यादी पाहून समाधान मानू नये.

आपल्याला बहुधा सोयीचे पडते ते भाज्यांचे टेबल. ऑलिव्ह तेलात भाजलेली रंगीत मिरची, दुधी जातीची झुकिनी, लालसर पानांची रादिक्क्यो ही हिवाळी भाजी आणि उत्तर इटलीतील पोलेन्ता, म्हणजे पाण्यात शिजवलेला मक्याचा घट्ट सांजा, यांवर पोट भरते. पोलेन्तात चीज घातले नाही ना, एवढे पाहावे. सिरक्याऐवजी लिंबू मागून घ्यावे. भोजनगृह उघडताच जावे. पुढे एकाच पळीने चार भांडी ढवळली जातात. आणि ऊनोदरीचा अर्थ बुफेत जितका कळतो तितका अन्यत्र क्वचितच कळत असेल: पैसे भरलेले असतात, हात अडवणारे कोणी नसते आणि तरीही थोडेच घ्यावयाचे असते.

तो कागद आता माझ्या पारपत्राच्या पाकिटात आहे. येत्या सप्टेंबरात पुन्हा जाणे आहे. या खेपेस सौ. स्वतः सोबत येणार आहेत. यंत्रांशी आपला काही संबंध नाही, भोजनाचे मात्र आपणच पाहू, असे त्यांनी आम्हा दोघांना आताच सांगून ठेवले आहे.