१ जूनला जन्मलेल्यांना ३१ मे देणाऱ्या पोर्टलप्रमुखांस



तक्रार आपल्याला ठाऊक आहे. तिला क्रमांकही आपल्याच यंत्रणेने दिला. ‘ब्राउझर बदला’, ‘कॅशे साफ करा’, ‘तक्रार निकाली’ ही आपली तिन्ही उत्तरं अर्जदारांनी वाचली. त्यांनी ब्राउझर बदलला, मोबाइलही बदलला. जन्मतारीख मात्र एक दिवस मागेच राहिली.

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरचा अर्जदार १ जून निवडतो आणि पावतीवर ३१ मे छापून येते. १ जूनवाले इथे थोडेथोडके नाहीत. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी हीच तारीख लिहिली. महाराष्ट्रात गावोगावी असे लोक आहेत. आधारवर १ जून, आपल्याकडे ३१ मे, म्हणून अर्ज परत: ‘जन्मतारीख जुळत नाही’. मग सेतू केंद्राच्या फेऱ्या आणि प्रतिज्ञापत्र. चूक आपली, शपथ अर्जदाराची!

तारीख निवडली की आपला जावास्क्रिप्ट प्रोग्राम तिला भारतीय वेळेतली मध्यरात्र, म्हणजे ००:०० मानतो. पाठवताना ‘टूआयएसओस्ट्रिंग’ हे फंक्शन ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत नेतं. भारत साडेपाच तास पुढे. तेव्हा १ जूनचे ००:०० म्हणजे तिथे ३१ मेचे १८:३०. त्या मजकुरातली पहिली दहा अक्षरं, म्हणजे फक्त तारीख, कापून आपण जपून ठेवता. १ जानेवारी २००६ चा जन्म असेल तर वर्षच बदलतं: ३१ डिसेंबर २००५. वयोमर्यादेच्या काठावरच्या उमेदवाराला हा एक दिवस काय भावात पडतो, हे आपल्याला कळत नसेल असं म्हणणं आपल्या हुद्द्याचा अपमान ठरेल.

ज्या संगणकाची वेळच यूटीसीवर लावलेली असते, त्यावर ही चूक दिसत नाही. चाचणी तिथे घेतली की सगळं आलबेल.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. आपलं घड्याळ जुळलेलं असेलही. पण चूक घड्याळात नाहीच, ती तारखेचं रूपांतर करणाऱ्या ओळीत आहे.

आणि कृपा करून साडेपाच तास मिळवायचं ठिगळ लावू नका. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारताची घड्याळं साडेसहा तास पुढे होती; वेळक्षेत्रांच्या जागतिक कोशात ‘एशिया/कोलकाता’च्या नावाखाली तशी नोंद आहे. १ जून १९४४ ची मध्यरात्र यूटीसीत ३१ मेचे १७:३० होते. त्यात साडेपाच तास मिळवा, रात्रीचे अकराच वाजतात आणि तारीख ३१ मेच राहते. म्हणजे तरुणांचे अर्ज मार्गी लागतील आणि ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना पुन्हा प्रतिज्ञापत्र!

जन्मतारखेला वेळ नसते, तिला वेळक्षेत्र लावू नका. वर्ष, महिना, दिवस एवढंच ‘डेट’ प्रकारात साठवा. अर्ज कधी आला तो क्षण यूटीसीत ठेवा आणि दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ वापरा. नाहीतर रात्री १२ पासून पहाटे साडेपाचपर्यंत भरलेल्या अर्जांवर आदल्या दिवसाची तारीख पडेल.

चुकलेल्या नोंदी आपण स्वतःहून शोधून दुरुस्त कराव्यात. तोवर ‘जन्मतारीख जुळत नाही’ या कारणावरून एकही अर्ज परत पाठवू नये.