नदीकाठच्या पक्ष्यांची विषतपासणी सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कलेक्टर महोदय,
जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)

विषय : सर्पा, जाम व कन्हान या नद्यांकाठच्या पक्ष्यांमध्ये जड धातू व कीटकनाशके किती साचली आहेत हे तपासणे आणि मृत पक्ष्यांच्या तपासणीची पद्धत ठरवून देणे.

महोदय,

आम्ही मोहगाव व परिसरातील शेतकरी, संत्रा बागायतदार, ढीवर बांधव आणि पक्षीनिरीक्षक हे निवेदन सादर करीत आहोत. आमचा कोणत्याही कारखान्यावर आरोप नाही. आरोप करायचा की नाही, हे ठरवण्याइतकी माहिती आज कोणाच्याच हाती नाही, हीच आमची तक्रार आहे.

सर्पेच्या काठी वाकलेल्या फांदीवर बसलेला खंड्या आपण पाहिला असेल. पाण्यात सूर मारून तो बोटभर मासा आणतो, फांदीवर दोनचार वेळा आपटतो आणि डोक्याकडून सबंध गिळतो. काटे आणि खवले यांची गोळी तो नंतर ओकून टाकतो. मांसातला पारा मात्र ओकता येत नाही. नदीच्या गाळातले सूक्ष्मजीव पाऱ्याचे रूपांतर मिथाइल पाऱ्यात करतात. तो किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. खंड्या, बगळा, पाणकावळा हे या साखळीच्या शेवटच्या टोकाला आहेत. शरीरातला काही पारा पक्षी नव्या पिसांत आणि अंड्यांत उतरवतो. म्हणून गळालेले पीस किंवा न उबलेले अंडे तपासले, तर जिवंत पक्ष्याला इजा न करता त्याच्या शरीरात काय साचले ते कळते.

सध्याचे नियम इथवर पोहोचत नाहीत. पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आणि शिशाची 0.1 मिलिग्रॅम आहे. त्यासोबत एक जैवचाचणीही आहे : त्या सांडपाण्यात मासे ठेवायचे आणि 96 तासांनंतर 90 टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. चाचणी चांगलीच आहे, ती व्हायलाच हवी. पण मासा चार दिवस तगला म्हणून त्याच नाल्यावर वर्षानुवर्षे मासे खाणारा पक्षी सुरक्षित आहे असे ठरत नाही. उलट, विष घेऊनही जिवंत राहिलेला मासाच ते विष पुढे नेतो. हेच मासे आमच्या घरांतही शिजतात. पुढे कन्हानचे पाणी नागपूर शहराला पिण्यासाठी जाते, म्हणून हा प्रश्न जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही.

मेलेला पक्षी वेळीच नीट तपासला नाही तर काय होते, हे गिधाडांनी या देशाला दाखवले आहे. 1990 च्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. रोगाचा संशय घेण्यात वर्षे गेली. गुरांना दिले जाणारे वेदनाशामक डायक्लोफिनॅक त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले आणि भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली ती 2006 मध्ये. तोवर पांढऱ्या पाठीची बहुतेक सगळी गिधाडे संपली होती. राजस्थानात भरतपूरला 1980 च्या दशकाच्या अखेरीस सारस क्रौंच मेले, तेव्हा ऑल्ड्रिन या कीटकनाशकाकडे बोट गेले ते मृत पक्ष्यांचे अवयव तपासले म्हणूनच.

आपल्याकडे मेलेल्या पक्ष्याची दखल प्रामुख्याने बर्ड फ्लूच्या भीतीने घेतली जाते. 2020 च्या अखेरीस इंदूरला कावळे मेले, नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि निदान झाले. ती व्यवस्था उत्तम आहे. परंतु अहवाल निगेटिव्ह आला की पक्षी कशाने मेला हा प्रश्न तिथेच सोडून देऊ नये. आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी हीच आहे. बर्ड फ्लू नसल्याचे निष्पन्न झाल्यास त्याच पक्ष्याचे यकृत, मूत्रपिंड व मेंदू गोठवून ठेवावेत आणि जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठातील वन्यजीव न्यायवैद्यक व आरोग्य केंद्राकडे विषतपासणीसाठी पाठवावेत. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाने मेंदूतील कोलिनेस्टरेज हे विकर दबते. पक्षी उन्हात कुजला की हा पुरावा बिघडतो. म्हणून बर्फाची पेटी आणि जबाबदार कर्मचारी तहसील पातळीवरच हवेत.

दुसरे, सर्पा, जाम व कन्हानच्या ठरावीक जागांवरून उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर गळालेली पिसे, न उबलेली अंडी, मासे व गाळ यांचे नमुने एकत्रच घ्यावेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली लागणारी परवानगी वनविभागाने मिळवून द्यावी. कोईम्बतूरच्या सलीम अली पक्षीविज्ञान केंद्राला या कामाचा अनुभव आहे आणि नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी तर आपल्या शेजारीच आहे.

तिसरे, बोरगाव औद्योगिक क्षेत्रातील प्रत्येक कारखान्याचे सांडपाणी प्रक्रियेनंतर कोणत्या नाल्याला मिळते, याचा नकाशा जाहीर करावा. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याच्या वेळी पूर्वसूचना न देता नमुने घ्यावेत. जल (प्रदूषण निवारण व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 21 नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाला नमुने घेण्याचा अधिकार आहेच. अहवाल मराठी व हिंदीत नगर परिषदेच्या फलकावर लावावेत.

प्रश्न कारखान्यांपुरता नाही. कपाशीवरची फवारणी आटोपली की पंप नाल्यातच खळबळून धुतला जातो, रिकामे डबे काठावर पडतात आणि तडफडणाऱ्या किड्यांवर धोबी पक्षी तुटून पडतात. कपाशीच्या पट्ट्यात सर्वांना ठाऊक असलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाने अर्जेंटिनात 1995-96 च्या हंगामात हजारो स्वेन्सन ससाणे मेले. केंद्र सरकारने 2023 मध्ये त्याच्या 36 टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला. कृषी विभागाने दुकानांतील साठा तपासावा, रिकामे डबे परत घेण्याची सोय करावी आणि पंप धुण्यासाठी गावागावांत नाल्यापासून दूर जागा करून द्यावी.

मृत पक्षी आढळल्यास हात न लावता जागेसह कळवण्याची जबाबदारी आम्ही घेतो; त्यासाठी एक संपर्क क्रमांक जाहीर व्हावा. केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर 30 दिवसांत मिळावे आणि पहिले नमुने येत्या पावसाळ्यापूर्वी घेतले जावेत, ही विनंती.

स्थळ : मोहगाव

आपले,
मोहगाव व परिसरातील नागरिक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रतिलिपी :
मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ, भोपाळ
संबंधित वनमंडळ अधिकारी
एसडीएम, सौसर