पेंढा भरलेल्या प्राण्यांची कैफियत

जुन्या संग्रहालयांच्या मागील दालनांत, धुरकट काचांआड वर्षानुवर्षे उभे असलेले, कुणाचा कान झडलेला, कुणाची शिवण उसवलेली, कुणाचा मूळचा वर्ण उन्हाने पार विटून गेलेला, असे जे पेंढा भरलेले प्राणी आपण पाहतो, ते आता अडगळ म्हणून काढून टाकावेत, असे मत अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येते. या मताला माझा विरोध आहे. जे चांगले साधले आहेत तेच नव्हे, तर जे विद्रूप झाले आहेत तेही जतन करण्याजोगे आहेत, असे मी मानतो.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील वॉलरस पाहा. कॅनडातील हडसन उपसागराकडून आणलेला हा प्राणी १८८६ साली लंडनच्या वसाहती व हिंदुस्थान प्रदर्शनात मांडला होता. या जातीच्या अंगावर कातड्याच्या सैल वळ्या असतात, हे कारागिरास ठाऊक नसावे. त्याने एकूण एक वळी नाहीशी होईतो आत भरण कोंबले, आणि समुद्रातले ते सुरकुतलेले धूड फुगवलेल्या मशकेप्रमाणे तुकतुकीत होऊन बसले. स्वीडनच्या ग्रिप्सहोम किल्ल्यातील सिंहाची कथा याहून करुण आहे. अल्जिअर्सच्या अधिपतीने १७३१ साली तो राजा फ्रेडरिक यास जिवंत नजर केला. पुढे तो मेल्यावर त्याचे कातडे व हाडे ज्याच्या स्वाधीन झाली, त्याने सिंह बहुधा कधी पाहिलाच नव्हता, आणि म्हणून आज त्या वनराजाचे डोळे एकमेकांशेजारी येऊन बसले आहेत व जीभ बाहेर लोंबते आहे. प्रेक्षक या दोघांनाही हसतात. मला मात्र तेथे एका प्रामाणिक माणसाची धडपड दिसते. हाती केवळ कातडे आणि ऐकीव वर्णन असताना अदृष्ट जीव उभा करू पाहणाऱ्या त्या हातांनी, आपल्या काळाचे ज्ञान कोठवर पोहोचले होते, याची सीमारेषाच जणू आखून ठेवली आहे.

शिवाय, उद्याच्या शास्त्राला कशाची गरज पडेल, हे आज कोणी सांगावे? ऑक्सफर्डच्या डोडो पक्ष्याची काया जीर्ण होऊन गेली आणि १७५५च्या सुमारास डोके व पाय एवढेच अवशेष राखले गेले. आज डोडोचे त्वचेसहित मस्तक जगात तेवढे एकच आहे. झेब्र्याचा आप्त असलेला क्वागा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात नामशेष झाला. पण जर्मनीतील माइंझच्या संग्रहालयात एका कातड्याला चिकटून राहिलेले वाळके मांस पुढे उपयोगी पडले, आणि विलुप्त प्राण्याचा डीएनए १९८४ साली प्रथमच शास्त्रज्ञांच्या हाती आला.

आपल्याकडील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९०८च्या सुमारास, गळ्याशी पिवळा डाग असलेली, स्वतः टिपलेली एक चिमणी घेऊन लहानगे सालिम अली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेव्हा मानद सचिव मिलर्ड यांनी तिची जात तर सांगितलीच, परंतु पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही त्या मुलास ममत्वाने दाखवला. भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा प्रवाह त्या भेटीतून उगम पावला. मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयातील पक्षी पाहून पशुवैद्यक महाविद्यालयातील डॉ. संतोष गायकवाड यांना ही विद्या शिकण्याची प्रेरणा झाली, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ साली जे केंद्र सुरू झाले, तेथे आपल्या मरणाने मेलेल्या प्राण्यांना त्यांनी रूप दिले. चित्र किंवा चलचित्र हे काम करू शकत नाही असे नव्हे. पण वाघाच्या पंजाचे खरे माप शेजारी उभे राहिल्यावाचून उमगत नाही.

या प्राण्यांपैकी पुष्कळ मौजेखातर मारले गेले, हा आक्षेप मी हलका लेखत नाही. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात संस्थानिकांनी आणि साहेबांनी मारलेले हजारो वाघ-बिबटे येत; कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात शिकारीची ती परंपरा आजही पाहावयास मिळते. ती हत्या लज्जास्पद होती. परंतु तिचा पुरावा जाळल्याने तिचे परिमार्जन होत नाही. उलट, आपण किती मारले, हे सांगणारे साक्षीदारच तेवढे नाहीसे होतात.

जतनाचे काम मात्र जाणकारांकडेच सोपवावे. किडीपासून रक्षणासाठी पूर्वी कातड्यांना सोमलाचा लेप देत असत आणि ते विष अद्याप ओसरलेले नाही. तेव्हा मुलांना हात लावू देऊ नये व हातमोज्यांवाचून झाडपूस करू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वाघ-बिबट्यांच्या अशा अवशेषांची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि ते बाळगण्यास मालकीचा दाखला लागतो. पण त्या दाखल्यात प्राण्याची हकिकत नसते. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर टांगलेली जी मस्तके आहेत, त्यांपैकी प्रत्येक कोठे, कोणत्या साली, कोणाच्या हातून पडले, हे सांगू शकणारी वृद्ध माणसे हयात आहेत तोवर जिल्ह्याजिल्ह्याच्या संग्रहालयांनी ती माहिती आपल्या दप्तरी दाखल करून घेतली पाहिजे.