जेलचं नंतर बघा, आधी भरपाईचं बोला

डिसेंबर 2023, नागपूरचं अधिवेशन चालू आहे आणि इकडं तुरीत घाटेअळी.

काल फवारणीचं औषध आणलं. बिल 1,770 रुपये. मूळ किंमत 1,500, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 270. त्यातले 135 केंद्राचे, 135 राज्याचे. बियाण्यावर हा कर नाही, रासायनिक खतावर 5 टक्के, सूक्ष्म अन्नद्रव्यावर 2023 मध्ये 12, कीटकनाशकावर 18. दुकानदार भरलेला कर पुढच्या बिलात वळता करून घेतो. आपण तूर विकतो तेव्हा कुणाकडं वळता करायचा? आपल्यापाशी आला की कर थांबतो. 2017 च्या मे महिन्यात खास अधिवेशन भरवून राज्याचा जीएसटी कायदा मंजूर केला, तेव्हापासून हेच चाललंय. शेतकरी कर भरत नाही म्हणणाऱ्याला हे बिल दाखवा.

आता माझा साधा प्रश्न. हे औषध बोगस निघालं तर? अळी मरत नाही, तूर जाते, आणि राज्याचे 135 रुपये मात्र जमा झालेले असतात. माल खोटा, पण कर खरा!

यावरच गेल्या पावसाळी अधिवेशनात सरकारनं पाच विधेयकं आणली, क्रमांक 40 ते 44. बियाणं, खत, कीटकनाशकांच्या कायद्यात शिक्षा वाढवायची, भेसळ करणाऱ्यांना एमपीडीएखाली, म्हणजे आपण ज्याला झोपडपट्टी दादा कायदा म्हणतो त्यात घ्यायचं, आणि नुकसान झालेल्या शेतकऱ्याला भरपाई द्यायची. 2 ते 4 नोव्हेंबरला कृषी सेवा केंद्रवाल्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली, तीही ऐन हरभरा पेरणीत. विधेयकं संयुक्त समितीकडं आहेत.

दुकानदारांची एक बाजू मला पटते, उगाच नाही म्हणणार नाही. सीलबंद पिशवी तो बनवत नाही. त्याला एमपीडीए लावून खटल्याशिवाय वर्षभर आत ठेवायचं, हे बरोबर नाही. आणि असा कायदा आला की इन्स्पेक्टरचा हप्ता वाढतो, हे गावात पोरगंबी सांगेल. पण एमपीडीएचा धोंडा पुढं करून भरपाईचं विधेयकही अडवता, हे कसं चालेल? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय? आणि सरकारला तरी ते शिक्षेच्या गाठोड्यातच बांधून आणायची काय गरज होती? ते वेगळं आणलं असतं तर विरोध करायला तोंड कुणाला राहिलं असतं?

मी हे 2020 च्या सोयाबीनवरून बोलतोय. त्या वर्षी राज्यभर उगवणीच्या तक्रारी झाल्या, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. माझ्या चार एकरांत चार बॅगा गेल्या. सातव्या दिवशी ओळी दिसेनात. उरलेल्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, एकेचाळीस उगवले. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान 70 टक्के हवी. तालुक्याला अर्ज दिला. साहेब म्हणाले, समिती येईपर्यंत रान मोडू नका.

इथंच आपला गळा अडकतो. रान मोडलं तर पुरावा जातो, ठेवलं तर हंगाम जातो. 15 जुलैच्या पुढं सोयाबीन पेरून काय पिकवणार? समिती आली अकराव्या दिवशी. कंपनीचा माणूस म्हणाला, खोल पेरलंय, ओल कमी होती. शेजारी त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरनं, त्याच पेरणी यंत्रानं दुसऱ्या लॉटचं पेरलेलं चांगलं उगवलं होतं. ते पंचनाम्यात लिहा म्हणालो, लिहिलं नाही. दुबार पेरणी केली. भरपाई आजपर्यंत शून्य.

जुना कायदा बघा. 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 500 रुपयांपर्यंत. दुसऱ्यांदा केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका बॅगेच्या किमतीतसुद्धा हा दंड मावतो. तो दंडही जातो सरकारात, आपल्याला दमडी नाही. शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात जाता येतं हे सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये सांगितलं. पण चार बॅगांसाठी जिल्ह्याच्या तारखा करायच्या कुणी?

म्हणून भरपाईच्या विधेयकात काय हवं, ते सांगतो. तक्रारीनंतर चार दिवसांत पंचनामा, आणि समिती आली नाही तर जीपीएस फोटो व दोन शेजाऱ्यांच्या सह्या पुरावा म्हणून धरायच्या. शेजारच्या रानाची नोंद सक्तीची. खोल पेरलं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर. पैसे आधी कंपनीनं द्यायचे, दुकानदाराला धरायचं ते त्यानं मुदतबाह्य किंवा बिलाशिवाय माल विकला तरच. आणि भरपाईत बियाण्याच्या किमतीबरोबर पेरणी, मजुरी, खत, त्यावर भरलेला करही धरायचा.

नागपुरात यावर किती बोलणं झालं? पहिल्या दिवशी चर्चा कुणाची, तर कोण आमदार कुठल्या बाकावर बसला याची. त्याच दिवशी 55,520 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. जीएसटी परिषदेत आपले अर्थमंत्री बसतात. कीटकनाशकाचे 18 चे 5 करा, एवढं तिथं मांडायला आमदारांनी त्यांना सभागृहात भाग पाडायला हवं.

एक आपल्यालाही. बिलाशिवायचं चोरबीटी घेणाऱ्यांनी उद्या भरपाई मागू नये. पक्कं बिल, पिशवीचा टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. ज्यांच्याकडं 2020 चा पंचनामा आहे, त्यांनी त्याची प्रत आपापल्या आमदाराला याच आठवड्यात पाठवा. अधिवेशन 20 तारखेपर्यंतच आहे. पंचनामा किती दिवसांनी झाला, ते तालुक्याच्या नावासकट खाली लिहा.