वहान कार्दाशियन यांचा लढा

२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये ऑटोमन सरकारने आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर, पुढारी यांची धरपकड केली आणि आर्मेनियन वंशसंहाराला तोंड फुटले. जगभरचे आर्मेनियन दरवर्षी त्या दिवसाचे स्मरण करतात, तेव्हा वहान कार्दाशियन यांची आठवण काढायलाच हवी.

कायसेरीत जन्मलेले कार्दाशियन १९०२ मध्ये अमेरिकेला गेले, येलमध्ये कायदा शिकले आणि ऑटोमन वकिलातीचेच काम पाहू लागले. मायदेशी आई व बहीण मारल्या गेल्याचे कळल्यावर त्यांनी ती चाकरी सोडली आणि उरलेली हयात अमेरिकेत आर्मेनियाची बाजू मांडण्यात घालवली.

लॉबिंग करणाऱ्यांकडे आपण संशयाने पाहतो आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. पण ज्यांचे राज्यच टिकले नाही, त्यांनी दाद मागायची कशी? कार्दाशियन यांनी उभारलेल्या आर्मेनियन स्वातंत्र्य समितीत चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांच्यासारखे मातब्बर अमेरिकी नेते आले. तरी अमेरिकेने आर्मेनियाचे पालकत्व (मँडेट) घ्यावे, हा प्रस्ताव १ जून १९२० रोजी सिनेटने ५२ विरुद्ध २३ मतांनी नाकारला. वर्षअखेर ते चिमुकले प्रजासत्ताक सोव्हिएत अमलाखाली गेले. पुढे तेच ह्यूज परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९२३ मध्ये, अमेरिकेचा तुर्कस्तानशी लोझान येथे करार झाला. अमेरिकेने आर्मेनियाला दिलेली आश्वासने बासनात गेली.

कार्दाशियन पेटून उठले. तेलासाठी आर्मेनियाचा सौदा केला, असा जाहीर आरोप त्यांनी केला. कराराची बाजू घेणाऱ्या मिशनऱ्यांशीही उभा दावा मांडला. त्यांची भाषा कधी कधी टोकाची होई, हे खरे. पण पत्रके आणि निवेदने थांबली नाहीत. १८ जानेवारी १९२७ रोजी सिनेटमध्ये कराराच्या बाजूने ५० आणि विरोधात ३४ मते पडली. दोनतृतीयांशाला सहा मते कमी पडल्याने करार फेटाळला गेला.

पण महिन्याभरात अमेरिकी सरकारने नुसत्या पत्रांच्या देवाणघेवाणीने तुर्कस्तानशी संबंध जोडले. कार्दाशियन १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. तरीही त्यांचा लढा वाया गेला असे आम्ही मानत नाही. डायस्पोरातील पुढच्या पिढ्यांनी तोच मार्ग धरला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ४०५ विरुद्ध ११ मतांनी आणि सिनेटने एकमताने वंशसंहाराला मान्यता दिली.

भारताने मात्र ती अद्याप दिलेली नाही. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी घडवलेली पिनाका रॉकेट प्रणाली आपण आर्मेनियाला विकतो. ज्यांच्याशी असा व्यवहार करतो, त्यांच्या दुःखाची दखल घेत आता आपल्या संसदेनेही वंशसंहाराला मान्यता देणारा ठराव करावा.