ध्वजाचे कापड

30 डिसेंबर 2021 रोजी केंद्र सरकारने ध्वजसंहितेत एक दुरुस्ती केली. तोवर राष्ट्रध्वज हाताने कातलेल्या व हातमागावर विणलेल्या कापडाचाच असावा, असा दंडक होता. आता यंत्रावर बनलेला, पॉलिएस्टरचाही ध्वज ग्राह्य ठरला. 2022 च्या ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम निघाली आणि बाजारात पॉलिएस्टरच्या ध्वजांचा पूर लोटला. याही ध्वजांना वस्तू व सेवा कर लागणार नाही, असा खुलासा अर्थखात्याने त्याच महिन्यात केला.

ध्वज घरोघरी लागावा याला विरोध असण्याचे कारण नाही. सरकारी कचेरीच्या गच्चीवरून तो सामान्य माणसाच्या दारी आला, हे इष्टच झाले. परंतु खादीचा ध्वज महाग पडतो म्हणून पॉलिएस्टर, हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे. महाग पडतो म्हणजे काय? त्या किमतीत सूत कातणाऱ्या बाईची आणि विणकराची मजुरी असते. हुबळीला आणि आपल्या नांदेडला खादी संस्था मानक संस्थेच्या कसोटीला उतरणारे ध्वज तयार करतात. सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, चक्राची छपाई, सारे पारखले जाते. हुबळीत या कामावर बहुतांशी स्त्रियाच आहेत. ही मजुरी वाचवून जी स्वस्ताई येते, तिचा लाभ अखेर कृत्रिम धाग्याच्या कारखानदारांच्या पदरात पडतो, याविषयी मोहिमेचे सूत्रधार बोलत नाहीत.

आणि हे कापड काही योगायोगाने ठरलेले नव्हते. 1923 साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात शेकडो सत्याग्रही तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या हातातल्या झेंड्यावर चरखा होता. 1931 साली काँग्रेसने रंग बदलले, त्यांना धर्मवाचक अर्थ नाही असे स्पष्ट केले (आज भगव्या-हिरव्याची वाटणी करू पाहणाऱ्यांनी हा ठराव जरूर वाचावा); चरखा मात्र कायम ठेवला. 1942 च्या सप्टेंबरात नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीला बळी पडले, ते हाच झेंडा घेऊन निघाले होते. 22 जुलै 1947 रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र स्वीकारले. गांधीजींना तो बदल रुचला नव्हता. तथापि चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला होता. 2021 च्या दुरुस्तीने तो तेथूनही गेला, आणि तोही संसदेत चर्चा न होता, केवळ एका सरकारी आदेशाने.

निदान सरकारी कचेऱ्या, शाळा आणि ग्रामपंचायती यांनी तरी खादीचाच ध्वज घ्यावा, असा आदेश राज्य सरकार काढू शकते. त्यासाठी कोणत्याही कायद्यात बदल करावा लागत नाही. ही मागणी आपण तालुक्यातालुक्यांतून रेटली पाहिजे. आणि आपल्या शाखांनी येत्या 26 जानेवारीसाठीची नोंदणी नांदेडला वेळेवर करावी. हातमागावरचे कापड आठ दिवसांत तयार होत नाही.